कारकून झालेला दाइम्यो

एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, किल्ल्यात वर्षाच्या पहिल्या दिवशी शोगुनासमोर सशाचं सार यायचं. जपानात तेव्हा अडीचशेहून जास्त दाइम्यो होते, म्हणजे आपापल्या मुलखाचे धनी असलेले सरदार. त्यांच्यात लाखांनी उत्पन्न मोजणारे होते. पण त्या दिवशी शोगुनाच्या हातचा साकेचा पहिला पेला मिळायचा तो हायाशी नावाच्या एका बारक्या घराण्याला. कारण असं सांगतात, की चारशेहून जास्त वर्षांपूर्वी शोगुनाच्या तोकुगावा घराण्याचा एक पूर्वज परागंदा होऊन शिनानोच्या डोंगरात भटकत होता आणि हायाशींच्या पूर्वजाने त्याला आसरा दिला. वर्षअखेरीचे दिवस, बाहेर बर्फ, घरात पाहुण्यापुढे ठेवायला काही नाही. यजमान तसाच उठून बर्फात गेला, एक ससा मारून आणला आणि त्याचं सार करून वाढलं. पुढे पाहुण्याच्या वंशजांनी सगळा देश ताब्यात घेतला, पण ससा विसरले नाहीत.

दंतकथाच म्हणायची. पण मान खरा होता, दरवर्षी मिळत होता. १८६८ साली एकोणीस वर्षांच्या एका मुलाने या सशाच्या साराखातर घरदार, मुलूख आणि पदवी सोडली, असं किसाराझूची जुनी माणसं सांगायची.

मला ते सांगितलं आमच्या तिथल्या घरमालकीण आजींनी. तोक्योच्या उपसागराच्या एका काठाला तोक्यो आणि दुसऱ्या काठाला किसाराझू. नवऱ्याची नोकरी शेजारच्या किमित्सूतल्या पोलाद कारखान्यात, म्हणून आम्ही तिथे. वसंतात ओहोटी लागली की माणसं हातात दाताळी घेऊन चिखलात उतरतात आणि जाळीच्या पिशव्या भरभरून तिसऱ्यांच्या जातीच्या शिंपल्या गोळा करतात. मी रत्नागिरीची, तेव्हा या बाबतीत आजींशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं. समुद्राइतकं खारट पाणी करायचं, शिंपल्या त्यात जेमतेम बुडतील अशा पसरायच्या आणि वर वर्तमानपत्र टाकून अंधार करायचा, की त्या वाळू ओकायला लागतात. कागदाखालून पाण्याच्या बारीक पिचकाऱ्या उडतात. ते होईपर्यंत दोन-तीन तास हातांना काम नसतं. आजींच्या गोष्टी त्या वेळातल्या. नव्वदीला टेकलेल्या बाईंनी त्या आपल्या आजोबांकडून ऐकलेल्या आणि आजोबा त्या साली आठेक वर्षांचे होते.

गावाच्या तोनोसामांचं, आपल्याकडच्या भाषेत सरकारांचं, नाव हायाशी तादाताका. जन्म १८४८चा. किसाराझूलगतच्या जोझाइचे ते धनी. उत्पन्न दहा हजार कोकू. एक कोकू म्हणजे साधारण १८० लिटर तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल इतका. दाइम्यो म्हणवून घ्यायला किमान दहा हजार कोकूंचा मुलूख लागायचा, म्हणजे हे अगदी उंबरठ्यावरचे दाइम्यो. किल्ला बांधण्याची ऐपत नव्हती आणि परवानगीही नव्हती. टेकाडावर जिन्या होता. आपल्याकडची कचेरी आणि वाडा एकत्र केला तर जे होईल ते. तोही जुना नव्हता, १८५०चा. आधीचे धनी तादाताकांचे काका. ते शोगुनाच्या वतीने क्योतोजवळच्या फुशिमीचा कारभार पाहायचे. जपानी टीव्हीवर शोगुनविरोधी सामुराई साकामोतो र्‍योमाची मालिका लागली की तेरादाया नावाच्या सराईवर रात्री छापा पडतो आणि र्‍योमा जखमी होऊन निसटतो. तो छापा घालणारी माणसं याच काकांची. ते १८६७ साली वारले आणि पुतण्या गादीवर आला.

दाइम्योचं आयुष्य कसं असतं, याविषयी आपल्या डोक्यात बहुधा कुरोसावाचे सिनेमे असतात. घोडे, निशाणं, हुकूम. हे सगळं मोडून गेल्यावर जपान्यांनी मात्र म्हाताऱ्यांना धरून बसवून विचारायला सुरुवात केली. १८९१ साली तोक्योच्या विद्यापीठातल्या इतिहासाच्या लोकांनी शोगुनाच्या जुन्या अंमलदारांना बोलावून प्रश्नोत्तरं केली. शिनोदा कोझो नावाच्या पत्रकाराने सामान्य वृद्धांच्या आठवणी टिपून १९०५ साली ‘बाकुमात्सु ह्याकुवा’ हे पुस्तक काढलं. यामाकावा किकुए यांनी आपल्या आईच्या तोंडून ऐकलेलं मितोच्या सामुराई घरांतल्या बायकांचं जगणं १९४३ साली लिहून काढलं. तहनाम्यांपेक्षा या कागदांतून तो काळ मला जास्त कळला.

अशाच कागदांत हिरोशिमाचे शेवटचे धनी आसानो नागाकोतो यांच्या आठवणी आहेत. हे बडं प्रस्थ, उत्पन्न सव्वाचार लाख कोकूंच्या वर. ते सांगतात, की एकदा जेवताना वाडग्यात उंदराची लेंडी निघाली. काय केलं? कुणाला दिसणार नाही अशी हळूच लपवली आणि जेवण चालू ठेवलं. कारण बभ्रा झाला असता तर स्वयंपाक्यापासून वाढप्यापर्यंत सगळ्यांवर आफत आली असती. पदार्थ आवडला नाही असं म्हणायची सोय नाही, आवडला म्हणायचीही नाही. निजायचं तेही शेजारच्या खोलीत पहारा असताना. कधी एदोत राहायचं आणि कधी आपल्या मुलखात, हे शोगुन ठरवणार. कुणाशी लग्न करायचं याला वरून मंजुरी. कारभार कारभारी पाहणार आणि धन्याने मान डोलवायची. सव्वाचार लाखांचा मालक आपल्या ताटातली लेंडी उघडपणे बाजूला काढू शकत नव्हता. ही गोष्ट वाचल्यापासून मला दाइम्यो या पदाची भीती वाटत नाही, कीव येते.

आता १८६८. शोगुन योशिनोबूंनी आदल्या वर्षीच सत्ता सम्राटाकडे सोपवली होती. तरी जानेवारीत क्योतोजवळ लढाई झालीच आणि तीत शोगुनाची फौज हरली. योशिनोबू जहाजाने एदोला पळून आले आणि एका देवळात जाऊन माफीची वाट पाहत बसले. ३ मे रोजी एदोचा किल्ला न लढता सम्राटाच्या फौजेच्या हवाली झाला. म्हणजे धन्याने स्वतःच शस्त्रं ठेवलेली. बहुतेक दाइम्योंनी वारा पाहिला आणि नव्या सरकारकडे निष्ठापत्रं धाडली. शहाणपण तेच होतं.

किसाराझूत मात्र गडबड उडाली. एदोतून निसटलेल्या शोगुनाच्या तुकड्या उपसागर ओलांडून इकडे आल्या. त्यांतल्या एका मोठ्या जमावाने तरुण धन्याकडे मदत मागितली. त्यांची बेशिस्त बघून धन्याने दाद दिली नाही. मग हितोमी कात्सुतारो आणि इबा हाचिरो हे दोघे आले. मागे माणसं थोडी, पण शिस्तीची. इबा तर एदोतल्या नामांकित तलवारशाळेच्या घरातला. पंचविशीच्या आसपासचे हे दोघे आणि एकोणीस वर्षांचा धनी यांची बैठक झाली आणि धन्याने शब्द दिला.

पुढचं पाऊल सगळ्या जपानात कुणी टाकलं नव्हतं. सामुराई आपल्या धन्याचा मुलूख सोडून पळायचे आणि तो गुन्हा मानला जायचा. इथे धन्यानेच स्वतःचा मुलूख सोडला. हिशेब असा, की आपण धनी म्हणून लढलो तर सरकार इथल्या रयतेवर फौज आणेल. आपण निघून गेलो तर लढणारा हा फक्त हायाशी तादाताका नावाचा एक माणूस. २४ मे रोजी सत्तरेक शिलेदारांसह ते बाहेर पडले आणि जाताना जिन्याला आग लावून दिली. अठरा वर्षांचं लाकूडकाम, जळायला कितीसा वेळ लागणार?

आजींच्या आजोबांनी हे पाहिलं होतं. म्हणजे काय पाहिलं, ते ऐका. रस्त्याच्या कडेला गाव गुडघ्यांवर बसलेलं. पोराने मान वर करून बघू नये म्हणून आईने त्याच्या मानगुटीवर हात ठेवून कपाळ जमिनीला टेकवलेलं. त्याला दिसले ते फक्त पाय. गवताच्या चपला, पोटऱ्यांना घट्ट गुंडाळलेलं कापड, कुणाच्या चपलेची दोरी सुटून धुळीतून ओढली जात असलेली. असे शंभरेक जोड समोरून गेले. धुराचा वास येत होता, पण मागे वळून बघायची परवानगी नव्हती. त्यांतले तोनोसामांचे पाय कोणते हे आजोबांना मरेपर्यंत कळलं नाही. आजी म्हणायच्या, त्यांच्या म्हातारपणी कुणी या लढाईचा विषय काढला की ते सुटलेल्या दोरीपासून सुरुवात करायचे.

तिसऱ्या पिढीच्या तोंडून आलेली ही गोष्ट. तीत काय पदरचं मिसळलं असेल ते असेल. तरी मला ती विश्वासाची वाटते. खोटं रचणाऱ्याने धन्याला घोड्यावर बसवलं असतं.

लढाईचं थोडक्यात सांगते, कारण लढाई थोडकीच होती. तातेयामाहून होडीने माना‌झुरूला उतरून ही मंडळी हाकोनेच्या घाटाकडे गेली. तिथे चकमकी झाल्या. ओदावाराच्या दाइम्योने आधी विरुद्ध, मग बाजूने, मग पुन्हा विरुद्ध असे रंग बदलले. इबाचा डावा हात तिथेच निकामी झाला. मागे हटून पुन्हा समुद्र, मग होन्शू बेटाचा उत्तर भाग, पावसाळा, आजार, आणखी चकमकी. शेवटी सेंदाइत असताना कळलं, की तोकुगावा घराणं बुडवलेलं नाही, त्याला सात लाख कोकूंची जहागीर देऊन सुंपूला, म्हणजे आजच्या शिझुओकाला, बसवलं आहे. ज्याच्यासाठी निघालो ते झालं, असं म्हणून तादाताकांनी शरणागती पत्करली. इबा आणि हितोमी पुढे होक्काइदोला गेले. इबा तिथे मेला.

मुलूख तर ते वाटेत असतानाच जप्त झालेला. विरोधात लढलेल्या इतर दाइम्योंचं उत्पन्न छाटलं गेलं, कुणाची बदली झाली, पण काही ना काही उरलं. अगदी हट्टाने लढलेल्या आइझूलाही उत्तरेच्या ओसाडीत तीस हजार कोकू मिळाले. समूळ खालसा झालेला दाइम्यो हा एकच. नंतर एका वारसाच्या नावाने ३०० कोकू तेवढे मिळाले.

इथे मला या माणसाचं सगळंच कौतुक करवत नाही. धन्याने मागितली नव्हती ती निष्ठा त्याने दाखवली, आणि किंमत एकट्याने मोजली नाही. मागे राहिलेल्या शिलेदारांच्या घरांचा शिधा बंद झाला. बाकीचे मुलूख १८७१ साली बरखास्त झाले तेव्हा तिथल्या दाइम्योंना जुन्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा घरबसल्या लागू झाला आणि त्यांच्या सामुराईंनाही काही काळ पोटापुरतं मिळत राहिलं. जोझाइच्या बायकापोरांना तीन वर्षं आधीच चूल कशी पेटवायची हा प्रश्न पडला. ससा आठवताना या चुली आठवल्या होत्या का, हे विचारायला हवं. आजींना मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते सामुराईंचं झालं, आम्हा कुळांना काय, भात ज्याला घालायचं त्याला घालायचंच होतं.

१८७२ साली नजरकैदेतून सुटका झाली तेव्हा तादाताका तेवीस-चोवीस वर्षांचे. इथून पुढचं त्यांचं आयुष्य मला त्या चार-पाच महिन्यांच्या लढाईपेक्षा फार मोठं वाटतं. ते आपल्याच जुन्या मुलखात परत आले आणि शेती करू लागले. कालपर्यंत ज्यांच्याकडून भात यायचा त्यांच्या बांधाला बांध लावून. शेती जमली नाही. मग तोक्योच्या सरकारी कचेरीत खालच्या पायरीची कारकुनी. ती सोडून होक्काइदोतल्या हाकोदातेला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेबनीस. पेढी बुडाली. मग झामाच्या एका बौद्ध देवळात आश्रयाला. मग ओसाकात पुन्हा कारकुनी. ज्याच्यासमोर गावाने मातीला कपाळ टेकलं, त्याने आता साहेबासमोर वाकून कागद पुढे सरकवायचे. मुख्य म्हणजे ताटात लेंडी निघाली तर ती खुशाल बोटाने काढून टाकायची.

१८८४ साली नव्या सरकारने जुन्या दाइम्योंना विलायती धर्तीच्या पदव्या वाटल्या, कुणी मार्क्विस, कुणी काउंट. हिरोशिमाचे आसानो त्याआधीच इटलीत वकील म्हणून जाऊन आले होते, त्यांना मोठी पदवी मिळाली. ज्यांच्यासाठी हे सगळं रामायण झालं ते योशिनोबू शिझुओकात निवांत छायाचित्रं काढत, सायकल चालवत होते आणि १९०२ साली त्यांनाही सर्वांत वरची पदवी देण्यात आली. शोगुनाच्या बाजूने हाकोदातेपर्यंत लढलेले एनोमोतो ताकेआकी मंत्री झाले. ज्या हितोमीने येऊन या मुलाला उठवलं, तो इबाराकी प्रांताचा गव्हर्नर झाला. पदव्यांच्या यादीत हायाशी नव्हतेच. ज्या साली हितोमी गव्हर्नरच्या खुर्चीत बसला, त्याच १८८० साली जोझाइचा जुना धनी ओसाकात कारकुनीच्या टेबलाशी बसला होता. याबद्दल त्यांनी कुणाकडे रडगाणं गायल्याची नोंद नाही.

पदच्युत राजा ही चीज आम्हा रत्नागिरीकरांना नवी नाही. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली आमच्या गावात आणून ठेवलं. तो १९१६ साली तिथेच वारला. त्याची नात टूटू आमच्याच गावात मराठी बोलत, गरिबीत, कष्ट करून जगली. माझी आजी तिच्याविषयी बोलताना आवाज खाली आणायची. थिबाला मात्र तीस वर्षं राजा म्हणूनच बसून राहावं लागलं. बाहेर पडायची बंदी, तनखा, त्यावर कर्ज आणि विकायला उरलेली माणकं. किसाराझूच्या आजींना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, त्याला काम करू देत नव्हते का? मला उत्तर द्यायला वेळ लागला. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीला हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता.

तादाताकांना वर आणलं ते त्यांच्याच जुन्या शिलेदारांनी. ज्यांच्या चुली विझल्या होत्या तेच. घराण्याला पदवी मिळावी म्हणून ते वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले. त्यांच्यात चिनी भाषेची पाठ्यपुस्तकं लिहून नाव काढलेला एक विद्वानही होता. १८९३ साली यश आलं. वारसाला बॅरन ही सगळ्यांत खालची पदवी मिळाली आणि तादाताकांना मानाचा दर्जा. मघाशी मी त्या निर्णयाला नावं ठेवली, पण ज्यांचं नुकसान झालं त्यांनी पंचवीस वर्षांनी असा निकाल दिला, हेही नोंदवायला हवं. पुढच्या वर्षी ते युवराजाच्या दिमतीच्या खात्यात लागले आणि १८९९ साली निक्कोच्या तोशोगू देवळात सेवेला गेले. निक्कोला देव म्हणून पूजा होते ती पहिला तोकुगावा शोगुन इएयासू याची.

मग म्हातारपण, आणि फार लांबलेलं म्हातारपण. १९३७च्या फेब्रुवारीत आसानो वारले आणि जपानात जिवंत असलेला शेवटचा दाइम्यो म्हणजे हायाशी तादाताका, हे वर्तमानपत्रांच्या ध्यानात आलं. तेव्हा ते अठ्ठ्याऐंशीचे. आगगाड्या, विमानं, रेडिओ आणि चीनमधलं युद्ध असलेल्या जपानात एक असा माणूस उरला होता, ज्याने शोगुनाच्या अमदानीत मुलूख सांभाळला होता. आयुष्याच्या शेवटी ते तोक्योत मुलीजवळ राहायचे. मुलगी भाड्याच्या खोल्यांची इमारत चालवायची. तिथेच २२ जानेवारी १९४१ रोजी, ब्याण्णवाव्या वर्षी ते गेले. अंतकाळी कविता लिहून ठेवायची सामुराईंची रीत होती. कुणीतरी ती मागितली, तर म्हणाले म्हणतात, की ती १८६८ सालीच केली, आता काही नाही.

आमच्या आजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या असतील. त्यांचे आजोबा त्याआधीच गेलेले. सुटलेल्या दोरीची चप्पल कुणाची होती, हे विचारायला एकजण इतकी वर्षं तोक्योत जिवंत होता, हे त्यांना फार नंतर कळलं. मला सांगताना त्या स्वतःवरच हसल्या आणि वर्तमानपत्र उचलून शिंपल्यांनी वाळू टाकली का ते बघू लागल्या.

जोझाइच्या टेकाडावर आता जिन्याच्या जागेची खूण म्हणून एक दगड आहे. तो बघायला कुणी मुद्दाम जावं असं मी म्हणणार नाही, आजूबाजूला झाडीच आहे. पण जपानला जाणारी आपली मंडळी निक्को हटकून करतात. सोन्याचा मुलामा, झोपलेली मांजर, तीन माकडं, सगळं दाखवतात. त्या देवळात एके काळी नोकरीला असलेल्या हायाशी नावाच्या माणसाबद्दल गाइड काही सांगणार नाही, म्हणून मी सांगून ठेवते. तेवढं विचारा त्याला.